टॅबची काच कुणी फोडली?



गेल्या महिन्यात प्रभागसंघाच्या बैठकीत एका सीआरपी ताईंनी पिशवीतून टॅब काढला, टेबलावर ठेवला आणि काही न बोलता मागे जाऊन बसल्या. काचेच्या एका कोपऱ्यातून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले होते. "पडला का?" "नाही." "लेकरांनी घेतला होता?" "नाही." "मग काय आपोआप फुटला?" सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या मानधनातून कापायचा की संघाने द्यायचा, यावर अर्धा तास गेला आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

मला मात्र घरी जाताना वाटत राहिलं, की ताई खरं बोलत असतील तर? म्हणून तालुक्याला मोबाईल दुरुस्त करणाऱ्या दादांकडे दोनदा जाऊन बसले, थोडं वाचलं. ते इथे सांगते.

आपण जिला स्क्रीन म्हणतो ती एक वस्तू नाही. वर काच, तिच्या खाली टचचा थर आणि त्याच्या खाली चित्र दाखवणारा डिस्प्ले. टचच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या, वीज वाहणाऱ्या बारीक रेघांची जाळी असते. आपल्या अंगात पाणी आणि क्षार आहेत, त्यामुळे बोट जवळ आलं की जाळीच्या त्या जागेवरचा विजेचा भार किंचित बदलतो आणि टॅबला कळतं की इथे हात लावला. म्हणून पेनाच्या प्लास्टिक टोपणाने किंवा नखाने टच होत नाही आणि जोर लावून तर काहीच फायदा नाही. (बँक सखींकडे अंगठा उमटत नाही ती वेगळी गोष्ट. तिथे बोटावरच्या रेषा वाचतात आणि आपल्या रेषा खुरपून, भांडी घासून झिजलेल्या. टचला रेषा लागत नाहीत. पण बोट अगदी कोरडं, घट्टे पडलेलं असेल तर त्रास होतो.)

आता काच. काच दाब भरपूर सोसते, पण वाकवलेलं तिला सोसत नाही. वाकली की तिची एक बाजू ताणली जाते आणि तिथून ती तडकते. म्हणून बऱ्याच चांगल्या मोबाईल-टॅबची काच कारखान्यात पोटॅशियमच्या गरम वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे कण बाहेर जातात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण घुसतात. एसटीच्या तिघींच्या बाकावरून बारीक बाई उतरली आणि तिच्या जागी धिप्पाड बाई बसली की सगळ्या कशा एकमेकींना घट्ट चिकटतात, तसंच. या दाटीमुळे काच सहज ताणली जात नाही. पण ही ताकद फक्त वरच्या पातळ सालीत असते. त्या सालीच्या आत जाईल एवढा ओरखडा पडला, की पुढे नुसतं वाकण्यानेही काच तडकू शकते.

आणि ओरखडा पडतो कशाने? आपण चावी आणि नाण्यांना दोष देतो. खरा वैरी वाळूचा कण. गारेचा कण काचेपेक्षा कठीण असतो. टॅब धुळीच्या पिशवीत ठेवला, बाहेर काढून पदराने खसाखसा पुसला, की आपण पॉलिश पेपरच मारला म्हणायचा. मी पण ओढणीने असंच पुसायचे! आधी धूळ झटकायची, मग किंचित ओल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसायचं.

मग ती पिशवी. खाली टॅब, वर ग्रामसंघाची रजिस्टरं, त्यावर जेवणाचा डबा आणि वडापच्या जीपमध्ये मांडीवर आणखी कुणाची तरी पिशवी. टॅब पातळ आणि रुंद, तो मधोमध वाकतोच. जुना ओरखडा किंवा कोपऱ्याला बसलेला जुना मार असेल तर काच त्या दिवशी जाते. मार बसतो एका महिन्यात आणि काच फुटते दुसऱ्या महिन्यात.

त्या ताईंच्या टॅबचं रबरी कव्हर दादांनी काढलं, तर तडे सुरू झालेल्या कोपऱ्यात चौकट आत चेपलेली निघाली. चेप जुना होता, त्यात मळ बसलेला. हा टॅब ताईंकडे आधीच्या सीआरपीकडून आलेला आहे. घेताना कव्हर काढून कुणीच पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात वेगळा धोका. टॅब गाडीच्या डिकीत राहिला, चुलीजवळच्या फळीवर ठेवला किंवा रोज रात्रभर चार्जिंगला लावला, की बॅटरी लवकर खराब होते. कधी आत वायू तयार होऊन ती फुगते आणि स्क्रीनला आतून वर ढकलते. कड उचललेली दिसली, किंवा सपाट ओट्यावर टॅब डुगडुगू लागला, तर बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

टच आपोआप पळतो त्याला काही जणी भूत लागलं म्हणतात. पाण्याचा थेंब, फुगे आलेला स्क्रीन गार्ड किंवा स्वस्तातला चार्जर ही त्याची नेहमीची कारणं. चार्जरमधून येणारी खराब वीज टचच्या जाळीला गोंधळात टाकते. म्हणून बचतीचे आकडे भरताना चार्जर काढून ठेवा. पाचशेचे पाच हजार झाले तर गटात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आणि भिजलेला टॅब तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचा भुसा आत जातो. बंद करून, पुसून, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या.

दुकानात गेलात तर: काचेला तडे आहेत पण चित्र स्वच्छ आणि टच चालू, म्हणजे डिस्प्ले वाचला. शाईसारखा काळा डाग पसरत असेल तर डिस्प्ले गेला. पण हल्ली तिन्ही थर एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे बहुतेक वेळा अख्खा फोल्डर बदलावा लागतो आणि खर्च वाढतो. देण्याआधी भरलेली माहिती सिंक करा, सिम काढून घ्या. तोपर्यंत तड्यांवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा, काचेची कुसळं बोटात जातात.

माझं मत स्पष्ट आहे. विळ्याची धार वापराने गेली तर आपण मजुरणीची मजुरी कापत नाही. कापण्याच्या भीतीने दोन गावांत टॅब कपाटात साडीत गुंडाळून ठेवलेले मी पाहिले आहेत. नोंदी कागदावर राहतात आणि महिनाअखेरीस एकदम भरल्या जातात, चुकांसकट.

पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. टॅब हातात देताना कव्हर काढून चारही कोपऱ्यांचे फोटो काढायचे आणि रजिस्टरला नोंद करून दोघींच्या सह्या घ्यायच्या. आणि दुरुस्तीसाठी प्रभागसंघाने दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढायची. किती, ते तुम्ही ठरवा. येताना आपापले टॅब कव्हर काढून घेऊन या.