बोट लागणाऱ्या बाईची सफर

'ट्रेझर आयलंड' पुस्तकरूपात आलं १८८३ साली. तोवर रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने उष्ण कटिबंधातलं एकही बेट डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पाहिलं ते पुढे पाच वर्षांनी, आणि तेही चाच्यांच्या टोळीबरोबर नव्हे, सहकुटुंब सहपरिवार. २८ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून 'कॅस्को' नावाचं शिडाचं जहाज निघालं, त्यावर तो स्वतः, बायको फॅनी, तिचा पहिल्या लग्नाचा वीस वर्षांचा मुलगा लॉइड, व्हॅलेंटाइन नावाची मोलकरीण आणि स्टीव्हन्सनच्या मातोश्री मार्गारेटबाई असे पाच जण होते. मातोश्रींचं वय एकोणसाठ. वर्षभरापूर्वी नवरा गेलेला. एडिंबरातल्या प्रतिष्ठित घरातली ही बाई विधवेची पांढरी टोपी घालूनच जहाजात चढली.

जहाज शोधलं फॅनीने. स्टीव्हन्सनच्या छातीचं दुखणं जुनं. खोकल्यातून रक्त पडायचं, आणि थंडी आली की अंथरूण धरावं लागायचं. उबदार समुद्रावर त्याला बरं वाटेल, या एका आशेवर सगळा घाट घातला होता. गंमत अशी, की फॅनीला स्वतःला बोट लागायची. साधी नव्हे, चांगलीच. समुद्राचं तिला कसलंही वेड नव्हतं. तरी तिने ओकलंडच्या डॉ. मेरिटचं हे चौऱ्याण्णव फुटी हौशी जहाज महिना ७५० डॉलर भाड्याने ठरवलं आणि नवऱ्याला तार केली. पैसा आला तो स्टीव्हन्सनच्या वडिलांच्या वारशातून. उरलेली भिस्त प्रवासातून वर्तमानपत्रांसाठी लिहायच्या पत्रांवर होती. अशा सफरींच्या गोष्टीत हिशेबाचा भाग कुणी फार रंगवून सांगत नाही, पण माझ्या मते तोच आधी वाचायला हवा.

कप्तान ओटिस हा मोजकं बोलणारा गृहस्थ होता. म्हाताऱ्या बाई समुद्रात पडल्या तर काय करशील, असं त्याला कुणीतरी विचारलं. रोजनिशीत नोंद करीन, एवढंच तो म्हणाला म्हणतात.

मार्केझास बेटांपर्यंतचं पाच-साडेपाच हजार किलोमीटर अंतर 'कॅस्को'ने बावीस दिवसांत कापलं. पुढे ताहितीहून होनोलुलूला जाताना अंतर हजारभर किलोमीटरने कमी असूनही तब्बल महिना लागला. हे कोडं सुटतं ते वाऱ्यात. विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर चढते, तिची जागा घ्यायला दोन्ही बाजूंनी हवा धावते, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती वाट वाकडी करते. म्हणून उत्तरेकडे वर्षाचा बहुतेक काळ ईशान्येचा वारा, दक्षिणेकडे आग्नेयेचा. हेच व्यापारी वारे. कॅलिफोर्नियाहून खाली उतरताना ते पाठीशी असतात. ताहितीहून वर चढताना मात्र आधी विषुववृत्ताजवळचा निर्वात पट्टा लागतो, तिथे शिडं लोंबकळत राहतात; तो ओलांडला की ईशान्येचा वारा समोरून भिडतो आणि नागमोडी जावं लागतं. शिडाच्या जहाजावर घड्याळापेक्षा वाऱ्याची दिशा महत्त्वाची, आणि पिठाचा डबा त्या हिशेबाने भरावा लागतो. त्या महिन्यात 'कॅस्को'वरचा शिधा अगदी तळाला गेला होता.

पहिलं बेट नुकु हिवा, तिथली अनाहो खाडी. ज्यांना 'नरभक्षक' म्हणून युरोप घाबरत होता, ते लोक होड्या घेऊन जहाज बघायला आले. खाली दिवाणखान्यात लाल मखमलीच्या गाद्या आणि आरसे होते. एका बाईंना ती मखमल इतकी आवडली, की वस्त्र वर करून त्या उघड्या अंगाने गादीवर घासत बसल्या आणि आनंदाने ओरडल्या. स्टीव्हन्सनने हा प्रसंग मोकळेपणाने लिहून ठेवला आहे. पाहुणा कोण आणि प्रदर्शन कुणाचं, हा प्रश्न तिथे सरळ उलटा झाला.

मार्केझासची बेटं ज्वालामुखीची, उंच, लांबून दिसतात. त्यापुढची तुआमोटू बेटं मात्र फसवी. डार्विनने १८४२ मध्ये मांडलं होतं, की ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर बुडून नुसतं कडं उरतं. मधे शांत पाणी, भोवती जेमतेम काही मीटर उंचीची जमीन. जहाजावरून आधी दिसतात ते माडांचे शेंडे, तेही अगदी जवळ गेल्यावर. रात्री तर लाटा फुटल्याचा आवाज हीच काय ती सूचना. प्रवाहाने जहाज वाहवत जातं, त्यामुळे नकाशावर मांडलेली जागा आणि समोर आलेलं बेट यांचा मेळ बसत नाही. 'कॅस्को'चंही तसंच झालं. स्टीव्हन्सनच्या आजोबा-वडिलांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर दीपगृहं बांधण्यात हयात घालवली होती. त्या घरातला मुलगा इथे एकाही दिव्याशिवाय खडकांमधून जात होता.

तुआमोटूंपैकीच फाकारावाच्या साठेक किलोमीटर लांब सरोवरात शिरायला कड्याला पडलेली खिंड शोधावी लागते. ओहोटीला पाणी त्याच दारातून बाहेर पडतं, तेव्हा समोरून नदीसारखा लोंढा येतो. दाभोळ-जयगडच्या खाडीत होडी घालणाऱ्याला हे समजावून सांगायला नको.

ताहितीत पापीतेला पोचल्यावर स्टीव्हन्सन पुन्हा रक्त ओकू लागला. मग बिऱ्हाड हललं ते बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या तौतिरा गावी. तिथे मोए नावाच्या राजघराण्यातल्या बाईने नारळाच्या दुधातली कच्ची मासळी भरवून त्याला उभं केलं, आणि गावचा उपप्रमुख ओरी याने सगळ्यांना स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. ओरी आणि स्टीव्हन्सन यांनी एकमेकांची नावंही धारण केली, कारण तिकडे मैत्री तशीच पक्की होते.

इथेच मार्गारेटबाईंनी गावातल्या चर्चमधल्या बायकांना जहाजावर जेवायला बोलावलं. जेवणानंतर एकीने प्रार्थना केली: जहाजात काही खोट असेल तर ती वेळेत दिसो. पाहुण्या गेल्यावर ओटिसने डोलकाठ्या तपासल्या, तर लाकूड आतून भुसभुशीत. खारं पाणी लाकडाला फारसं कुजवत नाही; फटीतून मुरलेलं पावसाचं गोडं पाणी मात्र बुरशीला आमंत्रण देतं, आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो. त्या काठ्या भर समुद्रात मोडल्या असत्या तर इथून पुढची हकीकत नसती. प्रार्थनेचं श्रेय कुणाला द्यायचं ते ज्याने त्याने ठरवावं; तपासणी निघण्याआधीच व्हायला हवी होती, एवढं खरं.

दुरुस्तीला जहाज पापीतेला गेलं आणि आठवडे उलटले. पैसे संपले, सामान संपलं, कुटुंब ओरीच्या घरचं खात राहिलं. शेवटी ओरी स्वतः वादळी हवेत उघडी होडी घेऊन पापीतेला गेला आणि शिधा व बातमी दोन्ही घेऊन आला. नाताळच्या दिवशी 'कॅस्को' निघालं ते २४ जानेवारी १८८९ ला होनोलुलूला लागलं. मार्गारेटबाई तिथून काही काळासाठी मायदेशी परतल्या. जहाज मालकाकडे गेलं.

सगळं इथे थांबायचं होतं. पण समुद्रावर स्टीव्हन्सनचा खोकला थांबत होता आणि जमिनीवर उसळत होता, त्यामुळे फॅनी पुन्हा बोटीत चढली: जून १८८९ मध्ये गिल्बर्ट बेटांकडे, डिसेंबरात सामोआला, आणि एप्रिल १८९० मध्ये सिडनीहून 'जॅनेट निकोल' या आगबोटीवर. या तिसऱ्या फेरीत बेटांवर करमणुकीसाठी घेतलेल्या शोभेच्या दारूने खोलीत पेट घेतला. खलाशी एक जळती पेटी समुद्रात फेकायला निघाले होते. फॅनीने त्यांना अडवलं. आत नवऱ्याची हस्तलिखितं होती.

वर्तमानपत्रासाठी लिहिलेली त्याची पत्रं वाचकांना रुक्ष वाटली. लोकांना प्रसंग हवे होते, तो चालीरीतींची तुलना मांडत बसला, अशी फॅनीचीही तक्रार होती, आणि ती रास्त होती. 'जॅनेट निकोल'वर तिने स्वतः रोजनिशी ठेवली. ती १९१४ मध्ये छापून आली. आगीची हकीकत तिच्यात आहे.