रिक्षाचा सायलेन्सर बदलताना : आवाज नव्हे, अॅव्हरेज पाहा

रिक्षावर ज्यांच्या घरची चूल पेटते, असे आपले बांधव इंजिन ऑइल, टायर व ब्रेक यांची काळजी घेतात. सायलेन्सरची आठवण मात्र तो गंजून फुटल्यावरच होते. मग गॅरेजात दोन सल्ले मिळतात. एक, स्वस्तातला लोकल माल बसवा. दुसरा, आतली जाळी काढून सायलेन्सर मोकळा करा, गाडी पळेल. हे दोन्ही सल्ले अखेर खिशाला महाग पडतात. ते कसे, हे चालक आणि कारागीर या दोघांनीही समजून घेणे फायद्याचे आहे.

सायलेन्सर काय काम करतो?

सायलेन्सर म्हणजे केवळ धूर बाहेर सोडणारे नळकांडे नव्हे. इंजिनातून जळालेला वायू धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. सायलेन्सरच्या आतील कप्पे व भोकांच्या नळ्या हा धक्का पसरवून शांत करतात. कंपनीने इंजिनाला किती इंधन द्यायचे हे ठरवताना या वाटेतला अडथळा हिशेबात धरलेला असतो. अडथळा बदलला की हवा व इंधन यांचे प्रमाणही बिघडते.

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात ही गोष्ट अधिकच महत्त्वाची होती. त्यात ताजे पेट्रोल आत येणे आणि धूर बाहेर जाणे एकाच वेळी चालते. सायलेन्सरमधून उलटणारा दाब निसटू पाहणारे पेट्रोल मागे ढकलतो. नळी मोकळी केली की न जळालेले पेट्रोल सरळ रस्त्यावर जाते. अशा गाडीत वेळोवेळी कार्बन काढणे हाच खरा उपाय असतो.

फोर-स्ट्रोक गाडीत मोकळ्या नळीचा लाभ झालाच तर तो इंजिन खूप जोरात फिरत असताना होतो. रिक्षा तर दिवसभर सिग्नल, थांबे आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरते. म्हणजे आवाज वाढतो, ओढ वाढत नाही.

सीएनजी रिक्षांचा वेगळा प्रश्न

सीएनजीमध्ये मुख्यतः मिथेन असतो. एक किलो मिथेन जळाला की सुमारे सव्वादोन किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. पेट्रोलपेक्षा हे प्रमाण बरेच जास्त आहे. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफेचे पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. काही सायलेन्सरच्या तळाशी हे पाणी निघण्यासाठी बारीक छिद्र ठेवलेले असते. ते ‘लीकेज’ समजून वेल्डिंगने बुजवू नये.

म्हणूनच खरी सुधारणा करायची असेल तर ती धातूत करावी. साध्या पत्र्याऐवजी अॅल्युमिनियमचा थर दिलेला पत्रा किंवा 409 क्रमांकाचे स्टेनलेस स्टील जास्त टिकते. 304 क्रमांकाचे स्टील गंजाला आणखी दाद देत नाही, पण महाग पडते. मात्र नळीचा आतला व्यास, लांबी आणि आतली रचना मूळ सायलेन्सरप्रमाणेच हवी.

जाळी काढू नका

आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप असतो व तो विषारी वायू निष्प्रभ करतो. भंगारात तिला किंमत येते, म्हणून ती परस्पर काढून घेण्याचे प्रकार घडतात. जुना सायलेन्सर मालकाने ताब्यात घ्यावा. इंजिन ऑइल जाळत असेल तर आधी रिंगांचे काम करावे, नाही तर नवी जाळीही खराब होईल.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाले. इंजेक्शनच्या रिक्षांत नळीवर ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधीच्या जोडातून बाहेरची हवा शिरली तर सेन्सर फसतो आणि इंजिन विनाकारण जास्त इंधन घेते. म्हणून नवा सायलेन्सर बसवताना पॅकिंगही नवेच घालावे. गाडी थंड असताना सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी लावावे. फुगे आले की जोड सुटा आहे असे समजावे.

हिशेब करून पाहा

समजा, रिक्षा दिवसाला 100 किलोमीटर चालते. अॅव्हरेज किलोला 35 वरून 32 वर आले, तर महिन्याच्या 25 दिवसांत सुमारे पावणेसात किलो गॅस जास्त लागतो. वर्षाला हा आकडा 80 किलोवर जातो. आपल्या पंपावरचा भाव लावला की स्वस्त सायलेन्सर किती स्वस्त पडला ते कळेल.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 120 नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर आवश्यक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाज व धुराच्या मानकांचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद कलम 190 मध्ये आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याला तीन महिने गाडीपासून दूर राहणे दंडापेक्षाही जड जाते.

कारागिरांसाठी

वेल्डिंग करताना सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच करावे. ते शक्य नसेल तर बॅटरीची वायर काढावी, सीएनजी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि गॅसची गळती नसल्याची खात्री करून घ्यावी. बिलावर पत्र्याचा प्रकार व हमीची मुदत स्पष्ट लिहावी. गिऱ्हाइकाने जाळी काढायला सांगितले तर वरचा हिशेब त्याच्यासमोर मांडावा. एक काम कदाचित हातचे जाईल, पण अॅव्हरेज टिकवून देणाऱ्या मिस्त्रीचे नाव रिक्षा स्टँडवर आपोआप पोहोचते आणि तेच धंद्याचे खरे भांडवल आहे.