नाणे टाकून खेळायचे खेळ

बॅगाटेलची फळी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पाटाएवढी लाकडी फळी, वरच्या अंगाला कमान, जागोजाग खिळ्यांची कुंपणे, त्यांत आकड्यांची घरे आणि उजव्या हाताला स्प्रिंगचा दट्ट्या. दट्ट्या ओढून सोडला की गोळी कमानीवरून वळसा घेऊन, खिळ्यांना ठेचकाळत, कुठल्या तरी घरात जाऊन बसे. आमच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत या फळीवरून रोज भांडण ठरलेले. धाकटा भाऊ हळूच फळीखाली वही सरकवून उतार बदलायचा. मी जिंकलो की त्याच्या मते तो नशिबाचा खेळ. तो जिंकला की हाताचे कसब.

तुम्ही म्हणाल, पोराटोरांची ही भांडणे रेडिओवर कशाला? पण अगदी हाच वाद अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात चौतीस वर्षे चालला होता, आणि त्यापायी हजारो यंत्रे जप्त झाली. आपल्या बॅगाटेलचाच तो थोरला भाऊ, पिनबॉल. नाणे टाकून खेळायच्या यंत्रांचा सारा धंदा ह्या खेळाच्या भोवती वाढला.

मूळ खेळ फ्रान्समधला, टेबलावर काठीने खेळायचा. १८७१ साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी मॉन्टेग्यू रेडग्रेव्ह या गृहस्थाने काठीच्या जागी दट्ट्या बसवून पेटंट घेतले. पण धंद्याला खरा जोर आला तो १९३१ मध्ये, शिकागोला. डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' नावाचे यंत्र काढले, किंमत साडेसतरा डॉलर. मंदीचे दिवस होते. हाताला काम नाही, करमणुकीला पैसा नाही. अशा माणसाला एका सेंटात पाच-सात गोळ्या मिळत. पन्नास हजारांहून अधिक यंत्रे खपली! यंत्र बहुधा दुकानदाराचे नसे. एखादा ऑपरेटर दहा-वीस यंत्रे विकत घेई, ती दुकानांतून नि गुत्त्यांतून ठेवी, आणि पेटीतल्या नाण्यांचा वाटा दुकानदाराला देई. म्हणजे खेळ लवकर संपला पाहिजे, नाही तर पुढचे नाणे पडायचे कसे? आणि संपताना खेळणाऱ्याला 'थोडक्यात हुकले' असे वाटले पाहिजे. या धंद्यातील सारी कारागिरी या दोन गोष्टींत आहे म्हणाना.

१९३३ साली हॅरी विल्यम्स या तंत्रज्ञाने आपल्या 'कॉन्टॅक्ट' यंत्रात बॅटरी घातली. खळगीत पडलेली गोळी विजेच्या झटक्याने बाहेर उडू लागली, घंटा वाजू लागली. आमच्या भावासारख्या लोकांचा बंदोबस्तही त्यांनीच केला. यंत्राच्या आत एक लंबक टांगला आणि त्याच्याभोवती धातूचे कडे ठेवले. यंत्र फार हलवले की लंबक कड्याला टेकतो, प्रवाह जुळतो आणि खेळ तिथेच बंद! याला 'टिल्ट' म्हणतात. थोडे हलवणे मात्र चालते, आणि मुरलेला खेळाडू नेमके तेवढेच हलवतो.

इथपर्यंत ठीक होते. पण काही यंत्रे जिंकणाऱ्याला नाणी परत देऊ लागली आणि करमणुकीचा जुगार झाला. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली. शाळकरी पोरांचे मधल्या सुट्टीतल्या खाण्याचे पैसे ही यंत्रे गिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. हातात घण घेऊन यंत्रे फोडतानाची त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. महापौरांचे अगदीच चुकले असे मला वाटत नाही. त्या काळी गोळी एकदा सुटली की थोडेबहुत हलवण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती काही नव्हते.

ते त्याच्या हाती आले १९४७ मध्ये. गॉटलीब कंपनीचे हॅरी मॅब्स यांनी 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात सहा फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच उसळणारी छोटी दांडकी. गोळी खाली येऊ लागली की तिला पुन्हा वर टोलवायची. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी दोनच फ्लिपर तळाशी बसवले आणि तीच रीत आजवर टिकली आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा फ्लिपर वर्गात दाखवण्याजोगा आहे. बॉलपेनची रिकामी नळी घ्या. तिच्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दोन-तीनशे वेढे द्या. नळीत सैल बसेल असा लोखंडी खिळा अर्धा आत सरकवा आणि तारेची टोके क्षणभर दोन-तीन सेलांना लावा. खिळा आत ओढला जाईल. फ्लिपरचे दांडके असेच लोखंडी दांडीला जोडलेले असते. क्षणभरच लावा म्हटले, कारण धरून ठेवले तर तार तापते. यंत्रातही हीच अडचण होती. गोळी जोरात उडवायची तर प्रवाह मोठा हवा. पण खेळाडू बटण दाबून बसला तर वेटोळे जळायचे. म्हणून त्यात दोन वेटोळी ठेवतात, एक जाड तारेचे जोरकस आणि दुसरे बारीक तारेचे, पुष्कळ वेढ्यांचे. फ्लिपर पूर्ण वर गेला की तोच एक स्विच उघडतो. मग जोरकस वेटोळ्याची थेट वाट तुटते आणि प्रवाह बारीक तारेतून, बेताने जाऊ लागतो. मारायला मोठा जोर, धरून ठेवायला थोडका.

गुण मोजण्याची त्या यंत्रांतील रीतही पाहण्यासारखी. शून्य ते नऊ आकड्यांची चाके शेजारी शेजारी असतात आणि विजेच्या प्रत्येक झटक्याला चाक एक दाता पुढे सरकते. एककाचे चाक नऊवर आले की एक स्विच जुळून राहतो. पुढचा झटका येतो तो एककाला आणि दशकाला, दोघांनाही. नऊचे शून्य होते आणि दशकात एक वाढतो. दुसरीच्या मुलांना आपण शिकवतो तो 'हातचा एक' हाच! मुले तोंडाने म्हणतात ते इथे डोळ्यांना दिसते, 'खट्' असे कानांनाही ऐकू येते.

फ्लिपर आले तरी बंदी उठली नाही. खेळ बदलला, पण कायद्याच्या पुस्तकातला खेळ जुनाच राहिला. अखेर १९७६ साली पिनबॉलवर लिहिणारा रॉजर शार्प नावाचा तरुण नगरपित्यांच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखवायला उभा राहिला. एका सभासदाला शंका आली, म्हणून आयत्या वेळी बदलीचे दुसरे यंत्र घ्यावे लागले. शार्पने दट्ट्या ओढला आणि गोळी मधल्या वाटेने जाईल असे आधी सांगितले. ती तशीच गेली, आणि बंदी उठली. मौज अशी की कसबाचा शेवटचा पुरावा फ्लिपरने नव्हे, त्या जुन्या दट्ट्यानेच दिला. आणि त्यात थोडे नशीबही होते, हे पुढे शार्पनेच मान्य केले!

त्याच सुमारास यंत्राच्या पोटातही उलथापालथ झाली. रिले आणि दातेरी चाके जाऊन मायक्रोप्रोसेसर आला. चौसष्ट स्विचवर नजर ठेवायला त्याला चौसष्ट तारा लागत नाहीत. आठ आडव्या आणि आठ उभ्या, अशा सोळाच तारांच्या छेदांवर सारे स्विच बसतात. पाढ्यांच्या तक्त्यात ओळ आणि रकाना धरून आकडा शोधावा तसे. दुरुस्ती करणाऱ्याची मात्र पंचाईत झाली. पूर्वी बिघाड डोळ्यांनी दिसे, आता मीटर लावल्यावाचून कळेना.

मग आले व्हिडिओ गेम. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' रचला. त्यात शत्रू कमी होत गेले की उरलेले अधिकाधिक वेगाने चाल करून येतात. याचे मूळ यंत्राच्या दुबळेपणात होते! पडद्यावर चित्रे जितकी कमी, तितकी ती प्रोसेसरला लवकर काढता येत. निशिकादोंनी ते तसेच राहू दिले आणि खेळाला रंग चढला. आपल्याकडे शहरांतून नि तालुक्यांतून व्हिडिओ गेम पार्लरे निघाली ती याच वंशातली. माझ्या विद्यार्थिदशेतील बरेच रुपये तिथे गेले, हे वडिलांना मी अजून सांगितलेले नाही.

पिनबॉलने पुन्हा एकदा डोके वर काढले. १९९२ च्या 'अॅडम्स फॅमिली' या यंत्राची वीस हजारांवर विक्री झाली. पण घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले आणि नाणे टाकायला बाहेर जाणारी पावले थांबली. १९९९ साली विल्यम्स कंपनीने पिनबॉलचा कारखाना बंद करून कशावर भर द्यावा? जुगाराच्या स्लॉट यंत्रांवर! ज्या संशयावरून १९४२ साली पिनबॉल फोडले गेले, त्याच जुगाराने सत्तावन्न वर्षांनी कारखान्यातली त्याची जागा घेतली. त्यानंतर काही वर्षे स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली. आता आणखी काही कंपन्या निघाल्या आहेत आणि यंत्रे इंटरनेटलाही जोडली जातात. गोळी मात्र तीच, सत्तावीस मिलिमीटर व्यासाची पोलादी, आणि फळीचा उतार साडेसहा अंशांच्या आसपास.

आपल्याकडील मॉलमध्ये आज नाण्याऐवजी कार्ड लावतात, आणि पोरांची झुंबड असते ती खेळणी उचलणाऱ्या पंजाच्या यंत्रापाशी. या पंजाची पकड कितव्या वेळी घट्ट व्हावी, हे पुष्कळ यंत्रांत मालकाला आतून ठरवून ठेवता येते. बाकीच्या वेळी खेळणे जरा उचलले जाते आणि सुटते, 'थोडक्यात हुकले' म्हणावे असे. मुलाने हट्ट धरलाच तर आधी दहा मिनिटे त्याच्यासह बाजूला उभे राहा आणि दोघे मिळून मोजा, किती डावांनंतर एक खेळणे बाहेर येते ते.

माझा भाऊ हल्ली आपल्या मुलीला घेऊन तिथे जातो. परवा पंजातून कापडी ससा निसटला, तेव्हा तो वाकून यंत्राच्या पायांखाली काय आहे ते पाहत होता.