मामाच्या गिअरबॉक्सला ताप आलाय का?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. माझा मामा चाकणच्या एका कंपनीला टुरिस्ट गाडी पुरवतो. गाडी स्वतःची, हप्ते स्वतःचे, ड्रायव्हरही स्वतःच! पाहुण्यांना मुंबई एअरपोर्टवरून आणायचं, काम झालं की परत सोडायचं. एकदा कुणा साहेबांनी तक्रार केली की गाडीत जळका वास येतो आणि हायवेला खालून कूं कूं आवाज येतो. अजून एक तक्रार आली असती तर काम दुसऱ्या गाडीवाल्याला गेलं असतं. मामा घाबरून एका गॅरेजला गेला. तिथे दोन मिनिटांत निदान झालं, "गिअरबॉक्स गरम होतोय. ऑइल कूलर बसवून घ्या. साडेनऊ हजार."

लगेच मला हॉस्टेलवर फोन. "अगं इंजिनिअरबाई, बसवू का?"

खरं सांगते, मी "हो" म्हणणार होते. थंड ते चांगलं असं आपल्याला वाटतंच ना! पण मेकॅनिकलला असून नुसतं वाटण्यावर मामाचे साडेनऊ हजार घालवायचे म्हणजे जरा लाजच. उद्या सांगते म्हणून फोन ठेवला आणि रात्री मेसमध्ये विषय काढला. टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. ऑटोमॅटिक गाडीला कूलर असतो, मग मॅन्युअलला का नको? हा एका पार्टीचा मुद्दा. दुसऱ्या पार्टीचं म्हणणं, तू बघितलायस का कुठे? दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या सरांना गाठलं, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "कूलर बसवलात. आता त्याच्यापर्यंत तेल नेणार कोण?"

मी गप्प! कारण साध्या कारच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला पंपच नसतो. तळाशी दोनेक लिटर तेल असतं, खालचे गिअर त्यात बुडालेले असतात, आणि फिरता फिरता ते तेल वर उडवतात. त्या शिंतोड्यांवरच बेअरिंग, सिंक्रो सगळं चालतं. म्हणजे कूलर लावायचा तर वेगळा इलेक्ट्रिक पंप, पाइप, वायरिंग असं सगळं लटांबर आलं. साडेनऊ हजारांत पंप होता का, हे मामाने विचारलंच नव्हतं.

बरं, पंपही लावला असं धरू. पण मुळात थंड करायला उष्णता किती आहे? हे गणित मी वहीच्या मागच्या पानावर केलं, तुम्हीही करून बघा. माणसं आणि सामान धरून गाडी 1500 किलो, चढ 6 टक्के, वेग ताशी 40 किलोमीटर. चढ, टायरचा विरोध आणि वारा मिळून चाकांना साधारण 12 ते 13 किलोवॅट लागतात. गिअरचे दाते एकमेकांवर फिरताना फार थोडी शक्ती खातात, एका जोडीमागे एक-दीड टक्का. बेअरिंग आणि तेल घुसळणं धरून सगळी मिळून 4 टक्के तूट धरली, तर उष्णता झाली अर्धा किलोवॅट. रेक्टर सर आपल्या खोल्यांतून जप्त करतात ना, तो पाणी तापवायचा 1000 वॅटचा रॉड? त्याच्या निम्मी!

आता हा अर्धा रॉड कशात बुडवलाय ते बघा. लोखंड, अॅल्युमिनियम आणि तेल मिळून 35-40 किलोच्या गोळ्यात. हा गोळा एक अंशाने तापवायला साधारण 25 किलोज्यूल लागतात. बोरघाट चढायला 20 मिनिटं धरली तर एकूण उष्णता 600 किलोज्यूल, म्हणजे तापमान वाढणार 24 अंश. तेही बाहेर काहीच उष्णता जात नाही असं धरून! प्रत्यक्षात केसिंगला खालून वारा लागत असतो. सपाट रस्त्यावर गिअरबॉक्स 60 अंशांना असेल तर खंडाळ्याला पोचेपर्यंत 80-85. चांगलं गिअर ऑइल 100 अंशांनाही कुरकुर करत नाही. थोडक्यात, गिअरबॉक्स तापायच्या आत घाट संपतो.

मग ऑटोमॅटिकला कूलर का? तिथे इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनच्या बाजूचा पंखा तेल ढवळतो आणि त्या तेलाच्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. दोघांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी शक्ती तेलातच जिरते. ब्रेक दाबून अॅक्सिलरेटर दिला तर इंजिनची सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. शिवाय पंप असतोच. म्हणून तेल बाहेर काढून, बरेचदा रेडिएटरच्या टाकीतूनच, गार करून आणतात.

यावर मला सगळ्यात पटलेला पुरावा आपल्या शेजारीच सापडला. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. 2013 मध्ये तिथल्या पोलो जीटी टीएसआयला 7 गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स आला. त्यात दोन क्लच असतात, पण दोन्ही कोरडे. गिअरसाठी तेल फक्त 1.7 लिटर आणि कूलर नाही! त्याच ग्रुपची स्कोडा लॉरा 2005 मध्ये आली. ती औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला बनायची. तिच्या 6 गिअरच्या डीएसजीत क्लच तेलात बुडालेले, तेल 6 लिटरहून जास्त, आणि त्याला कूलर आहे. दाते दोन्हीकडे सारखेच घासतात. 6 गिअरचा डबा जास्त टॉर्क पेलतो हे खरं, पण कूलर मुख्यतः क्लच तेलात आला म्हणून आला. म्हणजे कूलर गिअरसाठी नाही, घसरणाऱ्या क्लचसाठी आहे.

बाईकवाल्यांसाठी एक गंमत. चाकणच्याच बजाजच्या पल्सर 220 ला 2007 पासून ऑइल कूलर आहे. बाईकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांचं तेल एकच असतं, त्यामुळे तिच्या गिअरचं तेलही कूलरमधून फिरून येतं. पण तो इंजिनसाठी दिलाय, गिअर फुकटात गार होतात! आणि ज्यांच्या घरी इंडिका होती त्यांनी आठवून बघा. ती 1998 मध्ये आली, 2018 मध्ये बंद झाली. पिंपरीची ही गाडी टॅक्सी म्हणून या राज्यातला कुठला घाट चढली नसेल? मॅन्युअल गिअरबॉक्स, कूलर नाही.

मॅन्युअलला कूलर कधीच लागत नाही असं मात्र नाही. रेसिंग गाडी तासभर 150 किलोवॅट ओढत राहिली तर तेच 4 टक्के 6 किलोवॅट होतात. मग पंपासकट कूलर देतात. मोठ्या ट्रकना उतारावर गाडी रोखायला रिटार्डर असतो, त्याची उष्णताही बाहेर काढावीच लागते. आपल्या घरच्या गाडीला कूलर लावला तर उलट तोटाच. डिसेंबरच्या सकाळी पहिला-दुसरा गिअर कसा जड पडतो ते आठवा. तेल गार म्हणजे घट्ट, आणि घट्ट तेल घुसळायला जास्त पेट्रोल.

आता वास आणि आवाज. दोन्हींची कारणं वेगळी निघाली.

रविवारी मी मामाकडे गेले. गाडी सपाट जागेवर जॅक स्टँडवर घेतली, चारी चाकं सारख्या उंचीवर. बाजूचा लेव्हल प्लग उघडला. तेल त्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. बोट वाकवून आत घातलं तर कोरडंच! ड्राइव्ह शाफ्टचं ऑइल सील पाझरत होतं आणि बरंचसं तेल गेलेलं होतं. मामाच्या गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर एका टोकाला, वरच्या बाजूला आहे. तेल कमी झालं की आधी तो उपाशी राहतो. म्हणून हायवेला पाचव्यातच कूं कूं. या अवस्थेत पंप आणि कूलर लावला असता तर उरलेलं तेल पाइपांत जाऊन बसलं असतं आणि गिअरबॉक्सच गेला असता! त्याचा खर्च ऐकून मामा पायरीवर खालीच बसला.

नवीन सील आणि मॅन्युअलमध्ये दिलेलंच तेल, दोन हजारांच्या आत काम झालं. (तेलाचा ग्रेड मॅन्युअल बघूनच घ्या. जीएल-4 च्या जागी कुठलंही जीएल-5 ओतलं तर पितळी सिंक्रोंना त्रास होऊ शकतो.)

वास क्लचचा होता. मामा घाटात जॅम लागला की गाडी हँडब्रेकवर न ठेवता हाफ क्लचवर धरतो. त्याच 6 टक्के चढावर, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन 1200 आरपीएमला ठेवून गाडी नुसती धरली तर क्लचमध्ये सुमारे 2.4 किलोवॅट जळतात. गाडी जागची हलत नाही आणि उष्णता धावत्या गिअरबॉक्सच्या जवळजवळ पाचपट! तीही एका पातळ प्लेटवर, जिला तेलाचा थेंबही लागत नाही. चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकातही तेच. पुढची गाडी दोन फूट सरकली की मामा दोन फूट सरकतो. ताशी 10 पर्यंत नेऊन थांबायचं, असं एकदा केलं की क्लच साधारण 6 किलोज्यूल खातो. अर्ध्या तासात असं किती वेळा होतं ते तिथून कंपनी बसने येणाऱ्यांना विचारा. गिअरबॉक्सला दहा कूलर लावले तरी हा वास जाणार नव्हता.

पुढच्या फेरीला मी वर्कशॉपमधलं लेझरवालं थर्मामीटर मागून नेलं. केसिंगला आधी काळी टेप चिकटवली, कारण चकचकीत अॅल्युमिनियमवर ते कमी आकडा दाखवतं (हे मला व्हायवात समजलं, दोन मार्क घालवून). खंडाळ्याला गाडी थांबवून खाली वाकून बघितलं. 81 अंश. मामाने आकडा बघितला, पाचव्याचा आवाजही गेलेला होता. घाटात हँडब्रेक ओढायची सवय अजून लागतेय. मागचे हॉर्न वाजवतात म्हणतो.