वाटणीच्या आधीची वाटणी

एक माणूस वारला. मागे पत्नी, एकुलती एक मुलगी आणि सख्खा भाऊ. सुन्नी वारसाहक्काप्रमाणे पत्नीला एक अष्टमांश, मुलीला निम्मा हिस्सा आणि उरलेले तीन अष्टमांश भावाला. मायलेकी राहतात त्या घरातही काकाचा वाटा येतो. इस्लामी वारसा नियोजनावर होणारे संशोधन आज या तिढ्याभोवती बरेच फिरते आहे.

पूर्वी या विषयातले विद्वान मुख्यतः हिस्से मोजत: कुणाला किती, कुणामुळे कोण वगळला जातो. नोएल कूल्सन यांचा १९७१ मधला ग्रंथ त्या परंपरेतला. पण हिस्से तर ठरलेलेच आहेत. मृत्युपत्राने देता येते एक तृतीयांशापर्यंत, आणि इतर वारसांच्या संमतीशिवाय त्यातले काही एखाद्या वारसाला देता येत नाही. खरी मोकळीक माणसाच्या हयातीत, म्हणजे हिब्यात. जिवंतपणी, कसलाही मोबदला न घेता दिलेले हे दान कुणालाही, कितीही देता येते. अभ्यासकांची नजर तिकडे वळली ती त्यामुळे.

या अभ्यासाचे मोठे केंद्र मलेशिया आहे. तिथल्या जमिनीच्या नोंदींवर वारसांऐवजी मयतांचीच नावे वर्षानुवर्षे राहतात, वाटण्या अडतात, आणि विद्यापीठांना विषय मिळतो. वाद बारीक आहेत, पण पोकळ नाहीत. हिब्याला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि ताबा या तिन्ही गोष्टी लागतात. मग बापाने घर मुलीला दिले आणि स्वतः तिथेच राहिला, तर ताबा दिला म्हणायचे का? घरावर बँकेचे कर्ज असेल तर ते देता येते का? भविष्य निर्वाह निधीत नाव लावलेली मुस्लिम व्यक्ती तिथे केवळ वाटप करणारी विश्वस्त ठरते. पण २०१३ च्या कायद्याने तकाफुलची, म्हणजे इस्लामी विम्याची, रक्कम सशर्त हिबा म्हणून थेट तिच्या मालकीची होऊ शकते. एकाच माणसाची दोन खाती, दोन न्याय.

याच देशात प्रश्नावल्यांचे पीकही मोठे आले: हिबा ठाऊक आहे का, करायचा विचार आहे का? मला हा प्रकार अपुरा वाटतो. विचार आहे असे म्हणणे आणि दस्तावर सही करणे यांच्यात भाऊबंदकीची भीती असते, आणि ती प्रश्नावलीत उतरत नाही.

ती दिसते जुन्या दफ्तरांत. बेशारा दुमानी यांनी २०१७ च्या ग्रंथात नाब्लुस आणि त्रिपोली या दोन ऑटोमन शहरांची न्यायालयीन कागदपत्रे तपासली. धर्म तोच, कायदा तोच. पण कौटुंबिक वक्फ, म्हणजे वंशजांसाठी राखून ठेवलेली मालमत्ता, करताना त्रिपोलीच्या कुटुंबांनी मुलींना सामावून घेतले आणि नाब्लुसच्या व्यापारी घरांनी त्यांना सर्रास वगळले. म्हणजे नियोजनाने मुलीला हिस्सा वाढवूनही देता येतो आणि तिचा होता तोही काढून घेता येतो. कोणत्याही नव्या अभ्यासाने आधी हेच विचारायला हवे: हिबा झाला, पण कुणाच्या नावे?

भारतात हयातीतल्या अशा वाटणीचा प्रश्न कोर्टात वारंवार आला आहे. प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये कौटुंबिक वक्फ अवैध ठरवला; जिनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ मध्ये त्याला पुन्हा मान्यता मिळाली. मुस्लिम हिब्याचा लेख केला तरी त्याची नोंदणी सक्तीची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. आणि २०२३ मध्ये केरळच्या कासरगोड जिल्ह्यात तीन मुलींच्या एका दांपत्याने विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न नोंदवले, आपली मालमत्ता मुलींनाच मिळावी म्हणून.

ॲनेलिस मूर्स यांचे पॅलेस्टिनी स्त्रियांवरचे १९९५ चे संशोधन मराठी वाचकाला सर्वांत जवळचे वाटेल. हक्काचा हिस्सा भावांना सोडून देणाऱ्या बहिणी त्यात भेटतात. माहेरचे दार उघडे राहावे, अडीनडीला भाऊ उभा राहावा, हा त्यांचा हिशेब. आपल्याकडे तलाठ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवणाऱ्या बहिणीचा हिशेबही बहुधा हाच असतो, मग ती कोणत्याही धर्माची असो. मालेगाव, भिवंडी, रत्नागिरीच्या मुस्लिम घरांत हिबानामे आणि हक्कसोडपत्रे शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचली, तर मुलींना कोणत्या कागदाने काय मिळाले आणि कोणत्या कागदाने काय गेले, ते नावानिशी कळेल.