आजार एकाचा, पण हिशेब दोघांचा

कापड बाजारात आमचे एक जुने स्नेही आहेत. वय 64. दर महिन्याला सुरतेला जाऊन, माल हातात घेऊन बघणारा माणूस. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले, रिपोर्ट चांगला आला, आणि तरीही त्यांनी सुरतेला जाणे बंद केले. फोनवर माल मागवू लागले. रंग चुकले, दोन खेपा परत कराव्या लागल्या. हाजीसाहेबांचे आता धंद्यात लक्ष नाही, असे बाजारात बोलले जाऊ लागले. भाभींनाही तसेच वाटत होते. कपाट आवरताना त्यांना खरे कारण सापडले. दुकानातल्या मऊ कटपीसच्या घड्या, धुऊन लपवून ठेवलेल्या. लघवी थांबत नव्हती, आणि आठ महिने त्यांनी बायकोलाही ते सांगितले नव्हते.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्यातूनच जाते. ती काढली की काही काळ ताबा राहत नाही. खोकला आला, गठ्ठा उचलला की थेंब गळतो. बहुतेकांना काही महिन्यांत, फार तर वर्षभरात बराच आराम पडतो. ग्रंथीला लागून जाणाऱ्या नसा दुखावल्या तर पतिपत्नीच्या संबंधातही अडचण येते. शेक दिले असतील तर शौचाची घाई होते. हार्मोनच्या इंजेक्शनांनी अंगातून गरम वाफा निघतात, थकवा येतो, इच्छा मरते. पाळी जाताना बायकांना जे सोसावे लागते त्यातलेच हे बरेचसे आहे. म्हणजे नवऱ्याला जे बोलायला शरम वाटते, ते बायकोला आधीच ठाऊक असते!

ओटीपोटाखालचे स्नायू आवळून धरण्याचा व्यायामही तसाच. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी 1948 साली तो बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी मांडला होता. आज तोच या पुरुषांना शिकवतात.

मिशिगन विद्यापीठाच्या लॉरेल नॉर्टहाउस यांनी 263 जोडप्यांवर केलेला अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. काही जोडप्यांना नेहमीचे उपचार मिळाले. काहींच्या घरी त्याशिवाय नर्स जाई, फोन करी, आणि दोघांना समोर बसवून बोलते करी. त्याने नवरा-बायकोतले बोलणे सुधारले. पण जास्त फायदा बायकांना झाला, ही गोष्ट मला विचार करायला लावणारी वाटली. आमच्याकडे डॉक्टरांच्या खोलीत मुलगा आत जातो आणि आई बाहेर बाकावर बसते.

पुढे हाच कार्यक्रम जोडप्यांना कॉम्प्युटरवर एकत्र बसून करता यावा असा तयार झाला. आपल्याकडे मार्च 2020 मध्ये सरकारने दूरवरून सल्ला देण्याचे नियम जाहीर केले. त्यामुळे मालेगाव-भिवंडीच्या माणसाला पुन्हा तपासणीसाठी दर वेळी परळला धावण्याची गरज नाही. बरेच प्रश्न मोबाईलवर, दोघांनी शेजारी बसून विचारता येतात. मात्र लघवीत रक्त आले, ती अडली किंवा ताप चढला तर थेट दवाखाना गाठावा. ताकदीच्या गोळ्या तर मित्राच्या सांगण्यावरून कधीच घेऊ नयेत. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटचे औषध चालू असेल तर त्या जिवावर बेततात.

हाजीसाहेबांनी पाणी पिणेही सोडले होते. त्याने लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते. डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितला, पाणी नव्हे. मशिदीत जाणेही सुटले होते. सतत थेंब येणाऱ्या माजूराने प्रत्येक नमाजच्या वेळी ताजा वुजू करावा, एवढा सोपा मसला आलिमांनी सांगितला. तोही भाभींनीच विचारायला लावला.

आता कटपीसच्या घड्या गेल्या, मेडिकलमधून पॅड येतात. गठ्ठे नोकर उचलतो. मागच्या महिन्यात हाजीसाहेब सुरतेला गेले, डब्याच्या दाराजवळची जागा घेऊन. पिशवीत जादा पायजमा भाभींनी भरला होता. तो तसाच घडी न मोडता परत आला.