एक रुपयाचे वकीलपत्र
सनद आणि सत्ता : लेखांक ४

पेशवाईच्या कागदपत्रांत ‘वकील’ हा शब्द आला, की तो बहुधा न्यायाच्या कचेरीत अशिलाची बाजू मांडणाऱ्या माणसासाठी नव्हे, तर परक्या दरबारी राहून आपल्या धन्याचे हित राखणाऱ्या मुत्सद्द्यासाठी आलेला असतो. दिल्लीस हिंगणे होते, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. ते वकील, आणि त्यांची ती वकिली. पुढे इंग्रजी अमदानीत हा शब्द दरबारातून कोर्टात शिरला आणि काळा डगला चढवून तिथेच कायम झाला; तथापि परदेशातील राजदूताच्या कचेरीला आपण आजही वकिलातच म्हणतो. गेल्या लेखांकात आपण युगांडाच्या वकील आणि परराष्ट्रमंत्री एलिझाबेथ बगाया यांची हकीकत पाहिली. आज ज्यांच्याविषयी लिहावयाचे, त्या सुषमा स्वराज यांच्या कारकिर्दीत मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ असे काही एकत्र आले, की त्यांनाही या श्लेषाची मौज वाटली असती.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९५२ रोजी अंबाला छावणीत झाला. आईवडील मूळचे लाहोरकडचे, वडील राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे कार्यकर्ते. अंबाल्याच्या सनातन धर्म महाविद्यालयात संस्कृत आणि राज्यशास्त्र, नंतर चंडीगडला कायदा, आणि १९७३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ. त्यांच्या हिंदीत पुढे जो तत्सम शब्दांचा ओघ आणि वाक्य शेवटास नेऊन तोलण्याची जी हातोटी दिसते, तिचे मूळ मला त्यांच्या राजकारणात नव्हे, या संस्कृतच्या वर्गात दिसते.

आणीबाणी जाहीर झाली ती २५ जून १९७५ ला. १३ जुलैस सुषमा शर्मा यांनी स्वराज कौशल या समाजवादी विचारांच्या वकिलाशी विवाह केला. संघाच्या घरातील मुलगी आणि समाजवादी जावई, हा योग एरवी चर्चेचा झाला असता. पण त्या दिवसांत दोन्ही पक्षांची माणसे एकाच तुरुंगात होती. बडोदा डायनामाइट खटल्यात समाजवादी कामगारनेते जॉर्ज फर्नांडिस यांच्या बचावासाठी जी वकील मंडळी उभी राहिली, तीत हे जोडपे होते. ज्या जॉर्जनी १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडले, ज्यांच्या एका शब्दावर मुंबईच्या टॅक्स्या थांबत, ते आता हातकड्यांत होते. आणि सरकारविरुद्ध उच्चारलेला शब्द महाग पडण्याच्या त्या काळात त्यांचे वकीलपत्र घेणे, हे तेवीस-चोवीस वर्षांच्या वकिलाने आपली सनदच पणाला लावण्यासारखे होते. १९७७ साली जॉर्ज यांनी तुरुंगातून मुझफ्फरपूरची निवडणूक लढविली, तेव्हा त्यांचे बेड्या घातलेले छायाचित्र घेऊन सुषमाबाई बिहारमध्ये प्रचाराला हिंडल्या. अशील तुरुंगात आणि वकील जनतेच्या दरबारात! त्यांची कोर्टातली वकिली जवळजवळ इथेच संपली. माझ्या मते, ती तेवढीच पुरेशी होती.

मधल्या सदतीस वर्षांचा हिशेब विस्ताराने देण्याचे कारण नाही. १९७७ मध्येच, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या देवीलाल यांच्या हरियाणा मंत्रिमंडळात मंत्री झाल्या. कर्नालमधून लोकसभेला त्या तीनदा पडल्या. १९९८ साली माहिती व नभोवाणी खात्याच्या मंत्री असताना चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा त्यांच्याच कारकिर्दीत मिळाला. मुंबईच्या निर्मात्याला बँकेची पायरी चढण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. त्याच वर्षी दिल्लीच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, त्याही जेमतेम दोन महिने, कारण कांद्याच्या भावाने सरकार गेले. १९९९ ला बळ्ळारीत सोनिया गांधींशी लढत आणि पराभव. २००९ पासून लोकसभेत विरोधी पक्षनेतेपद.

२०१४ च्या मे महिन्यात परराष्ट्रखाते त्यांच्याकडे आले. इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदासोबत हे खाते काही काळ सांभाळले होते. या खात्याचा पूर्णवेळ कार्यभार वाहणारी पहिली स्त्री म्हणजे सुषमा स्वराज. परंतु स्पष्टच बोलायचे, तर या काळात परराष्ट्रधोरणाची सूत्रे पंतप्रधानांच्या कार्यालयातून हालत होती, आणि मोठ्या राष्ट्रांशी होणाऱ्या वाटाघाटींत मंत्रीणबाईंचा वाटा मर्यादित होता. दुसरा कोणी असता तर कुढत बसला असता किंवा फिती कापत फिरला असता. यांनी खात्याच्या ज्या कोपऱ्याकडे कोणा मंत्र्याची नजर सहसा जात नाही, तो दूतावासांतील पारपत्रे, परदेशी अडकलेले मजूर, तुरुंगांतील कैदी आणि मायदेशी आणावयाची प्रेते यांचा कोपरा आपला मानला. ट्विटरवर कोणीही दाद मागावी आणि मंत्र्याने स्वतः जाब द्यावा, हा प्रकार खात्याच्या शिरस्त्यात बसणारा नव्हता. जुन्या चाकोरीतल्या अंमलदारांना तो रुचला असेल, असे वाटत नाही. २०१५ साली युद्धात सापडलेल्या येमेनमधून साडेचार हजारांवर भारतीय आणि त्यांच्यासोबत एक्केचाळीस देशांचे नऊशेहून अधिक नागरिक बाहेर काढले गेले.

या वृत्तीची दुसरी बाजूही होती. आयपीएलचे माजी प्रमुख ललित मोदी यांच्या प्रवासाच्या कागदपत्रांच्या प्रकरणी त्यांनी माणुसकीचे कारण पुढे केले. विरोधकांना ते पटले नाही आणि २०१५ चे पावसाळी अधिवेशन बहुतांशी त्या गदारोळात वाहून गेले. इराकमध्ये मोसुल येथे अपहरण झालेले एकोणचाळीस भारतीय मारले गेल्याचा पुरावा नाही, असे त्या कैक वर्षे सांगत राहिल्या, आणि २०१८ च्या मार्चमध्ये ते मृत असल्याचे त्यांनाच राज्यसभेत सांगावे लागले. पुराव्यावाचून मृत म्हणणार नाही, ही वकिलाची भूमिका झाली; पण त्या वर्षांत पंजाबमधील घराघरांतून ज्यांनी आशा धरली होती, त्यांना हा कायदा कसा समजावयाचा?

आता कुलभूषण जाधव यांचे प्रकरण. सांगलीत जन्मलेल्या या निवृत्त नौदल अधिकाऱ्याला पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून मृत्युदंड दिल्याचे १० एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाले. परदेशी नागरिकाला अटक केल्यास त्याच्या वकिलातीला भेटण्याचा त्याचा हक्क त्याला विनाविलंब कळविला पाहिजे, असे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम सांगते. भारताने वारंवार मागणी करूनही ती भेट मिळाली नव्हती. मात्र हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाणे सोपे नव्हते. १९९९ साली कच्छजवळ भारताने पाडलेल्या आपल्या विमानावरून पाकिस्तान तिथे गेले, तेव्हा या न्यायालयाला अधिकारच नाही असा युक्तिवाद करून भारताने तो दावा फेटाळून घेतला होता. ज्या दाराला आपण कडी लावली, तेच ठोठावणे आता प्राप्त होते. ८ मे २०१७ ला अर्ज झाला आणि दहाच दिवसांत फाशीला स्थगिती मिळाली. भारताची बाजू मांडली नागपूरच्या हरीश साळवे यांनी. याहून कितीतरी कमी खर्चात दुसरा कोणी चांगला वकील मिळाला असता, असा टोमणा कुणी मारला, तेव्हा साळवे यांनी फी म्हणून एकच रुपया घेतला आहे, असे स्वराजबाईंनी जाहीरपणे सांगून टाकले.

त्या वर्षी नाताळच्या दिवशी इस्लामाबादेत आई आणि पत्नीची जाधवांशी भेट झाली, ती मध्ये काच ठेवून, ध्वनियंत्रावरून. साडीत वावरणाऱ्या आईला सलवार-कुर्ता घालावयास लावले. दोघींचे कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र उतरविले. तीन दिवसांनी संसदेत निवेदन करताना, त्या मातेशी बोलून, परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितले, की आईचा मोकळा गळा पाहून मुलाने पहिला प्रश्न विचारला तो बाबा कसे आहेत हा. आई मराठीत बोलू लागली, तिला अडविण्यात आले. ती पुन्हा बोलली, तेव्हा यंत्रच बंद केले गेले. त्या दिवशी लोकसभेत सर्व बाके एका सुरात बोलली, ही गोष्ट त्या सभागृहात विरळाच.

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या न्यायालयाचा निकाल पंधरा विरुद्ध एक मताने लागला : ३६ व्या कलमाचा भंग झाला आहे, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा. सुटका मात्र नाही. स्वराजबाई तेव्हा मंत्रिपदावर नव्हत्या. मूत्रपिंड बदलल्यानंतर प्रकृती साथ देईना, म्हणून त्यांनी निवडणूकच लढविली नव्हती. ६ ऑगस्टच्या रात्री साळवे यांच्याशी त्यांचे दूरध्वनीवर बोलणे झाले, आणि तुमचा रुपया द्यायचा राहिला आहे, उद्या सायंकाळी सहाला येऊन घेऊन जा, असे त्यांनी बजावले. त्यानंतर थोड्याच वेळात हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले.

तो रुपया सप्टेंबरच्या अखेरीस त्यांची कन्या बाँसुरी हिने साळवे यांच्या हाती दिला. तीही वकीलच आहे.

(पुढील लेखांक पुढच्या आठवड्यात)